अभिनंदनाचा बंदोबस्त

माझं अभिनंदन आजवर फारसं कुणी केलेलं नाही. दहावीच्या निकालाला वडील नुसतं "बरं" म्हणाले होते. त्यामुळे एका सकाळी अकरा परक्या माणसांनी मेलमधून 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हटलेलं पाहून मी थोडा हरखलोच. बायको म्हणाली, "आधी तो केर काढा."

केर मीच आणलेला. मॉलमध्ये 'कार जिंका' लिहिलेल्या काचेच्या पेटीत ई-मेलचा पत्ता लिहून चिठ्ठी टाकली होती, तीही सुवाच्य अक्षरात. कार अजून यायची आहे.

मग एका रविवारी प्रत्येक मेलच्या तळाचं 'अनसबस्क्राइब' दाबत सुटलो. खऱ्या दुकानदारांनी मुकाट्याने नाव काढलं. पण ज्यांचा धंदाच टोप्या घालण्याचा, त्यांना त्या टिचकीने कळलं की या पत्त्यावर माणूस हयात आहे, शिवाय रिकामाही आहे. मेल दुप्पट झाले. भाच्याने कपाळाला हात लावला. "मामा, असल्यांना उत्तर द्यायचंच नसतं. नुसतं स्पॅम म्हणून कळवा. आणि मेलमधली चित्रं आपोआप उघडू देऊ नका. त्यात एखादं टिंबाएवढं असतं, ते उघडलं की तुम्ही मेल पाहिल्याची चहाडी तिकडे पोचते."

आणखी एक युक्ती त्याचीच. जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि हवा तो शब्द जोडला, तरी मेल आपल्याकडेच येतो. चपलांच्या दुकानात मी नावापुढे 'अधिक चप्पल' असा पत्ता सांगितला. काउंटरवरच्या मुलीने तो तीनदा विचारला, चौथ्यांदा माझ्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांत त्याच पत्त्यावर कर्जं आली, केस उगवायचं तेल आलं. पत्ता कुठून फुटला ते उघड होतं. त्या पत्त्यावरचं सगळं परस्पर डिलीट होईल असा फिल्टर लावला आणि खरोखर शांतता पसरली.

शहाणा माणूस इथे थांबला असता.

मला चटक लागली. 'काँग्रॅच्युलेशन्स' शब्द असलेला मेल थेट डिलीट, असा नवा फिल्टर केला. मातृभाषेवर अन्याय नको, म्हणून त्यात 'अभिनंदन'ही घातलं.

दिवाळीच्या तोंडावर एका संपादकांचा फोन. "अहो, ऑगस्टमध्येच कळवलं होतं, तुमचा लेख दिवाळी अंकासाठी घेतोय म्हणून. मानधनासाठी खाते क्रमांकही मागितला होता. तुमचं उत्तरच नाही!"

मी ट्रॅश उपसला. तिथे 30 दिवसांपलीकडचं काही राहत नाही.

"मेलची सुरुवात कशी केली होतीत?"

"अभिनंदन, अशी. का हो?"

खरं सांगतो, तो मेल हाती पडला असता तरी काय झालं असतं? ओळखदेख नसलेला माणूस माझं अभिनंदन करतो, पैसे देतो म्हणतो आणि खाते क्रमांक मागतो. मीच स्पॅममध्ये ढकलला असता.

"मग माझ्या पानांचं काय केलंत?"

"ऐनवेळी जाहिरात मिळाली," ते खुशीत म्हणाले. "गृहकर्जाची."