हे पार्सल घरपोच मिळणार नाही

प्रति,
मांजराचं पिल्लू ‘मागवू’ इच्छिणारे समस्त मान्यवर,
मु. पो. ठाणे, कल्याण, मुलुंड, डोंबिवली आणि जिथून जिथून फोन आले ती सर्व गावं.

विषय : कांडी नावाच्या तिरंगी पिल्लाला दत्तक घेण्यासाठी आपण घातलेल्या अटी किरकोळ दुरुस्त्यांसह मान्य करण्याबाबत.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या प्रेमाने आम्ही भारावून गेलो आहोत. कांडीचा व्हिडिओ आपण पाहिलात, त्याखाली बदामांची रास घातलीत आणि मग फोन केलेत. व्हिडिओत ती सुताच्या रिकाम्या कांडीमागे धावते, लादीवर घसरते, गोदरेजच्या कपाटावर आपटते आणि लगेच, आपला तसाच बेत होता अशा थाटात, पंजा चाटायला बसते. ते पाहून आपल्याला प्रश्न पडले. घरपोच मिळेल का? नाही आवडलं तर परत घ्याल का? असंच, पण पांढऱ्या रंगात आहे का?

आम्ही भिवंडीकर आहोत, त्यामुळे हे प्रश्न आम्हाला नवे नाहीत. मानकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या आमच्या शेजारच्या गावांत आता भातशेतीपेक्षा गोदामं जास्त दिसतात. मुंबईतला माणूस रात्री मोबाइलवर बोट दाबतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराशी खोका येतो, तो बहुधा आमच्याच खड्ड्यांतून हेलकावे खात गेलेला असतो. तेव्हा गावातून एक मांजरही तसंच निघेल, ही आपली अपेक्षा स्वाभाविक आहे. फक्त या मालावर बारकोड नाही, आणि खोक्यात घालायला गेलं तर ती आधी खोका खाते.

आमची भूमिका काय, तेही सांगते, कारण काहींनी आम्हाला दुकानदार समजून भाव पाडायचा प्रयत्न केला. फुकटात अजून काय पाडणार, हे कळलं नाही. पण जिद्दीचं कौतुक वाटलं. कांडी आली ठाण्याकडच्या एका निवाऱ्यातून. तिथे जखमी, म्हातारी, टाकून दिलेली मांजरं एकत्र राहतात आणि त्या गर्दीत लहान पिल्लांना साथीचे रोग चटकन गाठतात. त्यातला पॅनल्यूकोपेनिया तर असा की सकाळी खेळणारं पिल्लू दुसऱ्या दिवशी नसतं. म्हणून निवारेवाले पिल्लं काही आठवड्यांसाठी घराघरांत सांभाळायला देतात. आम्ही खाऊ घालायचं, जंताचं औषध पाजायचं, माणसांची सवय लावायची आणि मुख्य म्हणजे ठेवून न घेता पुढे द्यायचं. ती आली तेव्हा पाव किलोची होती, आमच्या यजमानांच्या तळहातावर मावत होती. आता किलोच्या वर गेली आहे आणि कुठेच मावत नाही.

यजमान यंत्रमागाच्या कारखान्यात मेहताजी आहेत. त्यांनी खिशातून आणलेली प्लॅस्टिकची रिकामी कांडी हे तिचं पहिलं खेळणं, म्हणून नाव कांडी. अंगावर पांढरा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग, म्हणजे जवळजवळ हमखास भाटीच. मांजरातला नारिंगी-काळा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, दोन्ही रंग एका अंगावर यायचे तर दोन एक्स लागतात. बोक्याकडे सहसा एकच असतो. ‘असंच, पण बोका द्या’ म्हणणाऱ्या काकांसाठी ही माहिती. निसर्गाकडे या रंगात आपला साइज शिल्लक नाही.

आता आपल्या अटींकडे वळते.

पहिली आणि सर्वांची लाडकी अट : पिल्लू खेळकर हवं, पण ओरखडा काढता कामा नये, सोफ्यावर नखं घासता कामा नये आणि रात्री झोपलं पाहिजे. मान्य. असं पिल्लू आम्ही आठवड्यात तयार करून देऊ. भिवंडीत ग्रे कापडाला तोटा नाही, आत रुई भरून शिवून देऊ. डोळ्यांना बटणं लावू.

जिवंत हवं असेल तर जरा बसून ऐका. आपण ज्याला खेळ म्हणता तो पिल्लाच्या लेखी शिकारीचा सराव असतो. आधी पोट जमिनीला टेकवून दबा, मग बुडाची ती हास्यास्पद वळवळ, मग झेप, मानेला चावा आणि मागच्या दोन्ही पायांनी दणादण लाथा. आपल्या घरात उंदीर नाही म्हणून हे सगळं आपल्या पायाच्या अंगठ्यावर होतं. दोन-तीन भावंडं असती तर चावा किती जोरात घ्यायचा हे त्यांनीच शिकवलं असतं. एकाला लागलं की ते ओरडतं आणि खेळ मोडतो. कांडी एकटी सापडली. म्हणून हे भावंडाचं काम आम्ही करतो. दात लागला की ओरडायचं नाही, मारायचं नाही, हात झटकायचा नाही. खांबासारखं थिजून जायचं. हात हे खेळणं नाही, हे तिला रोज नव्याने सांगावं लागतं. तिला ते कळलं आहे. तिला भेटायला येऊन बोटं नाचवत ‘माऊ माऊ’ करणाऱ्या पाहुण्यांना अजून कळलेलं नाही. किलोभराच्या पिल्लाचा चावा गोड वाटतो. तीच सवय चार किलोच्या मांजरीला राहिली की आपण आम्हालाच फोन करणार.

रात्रीचं म्हणाल तर मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं असणारं जनावर आहे, आपल्या ऑफिसची वेळ त्याला कोणी कळवलेली नाही. त्यावरही उपाय आहे. झोपण्यापूर्वी काठीला बांधलेल्या पिसामागे तिला धाप लागेपर्यंत पळवायचं आणि लगेच खायला घालायचं. शिकार झाली, पोट भरलं, अंग चाटलं, की ती आपोआप झोपते. आमच्याकडे मात्र एक अडचण आहे. मागांच्या खडखडाटात ती गाढ झोपते आणि लाइट जाऊन सगळे माग एकदम थांबले की दचकून उठते. आपल्या शांत फ्लॅटमध्ये पहिले काही दिवस ती रात्रभर कान टवकारून बसली तर घाबरू नका. मिक्सर लावून पाहा.

माणसांच्या बाबतीत तिची तयारी चोख आहे. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना जे जे पाहतं, त्याची भीती पुढे उरत नाही. भिवंडीत पाहायला काय कमी! टोपी, दाढी, बुरखा, हेल्मेट, काठी टेकत येणारे आजोबा, गणपतीचा ताशा, सगळं तिच्या नजरेखालून गेलं आहे. खालच्या मजल्यावरच्या खाला रोज तिची विचारपूस करायला येतात आणि अबू हुरैरांची गोष्ट सांगतात. पैगंबरांच्या त्या सोबत्याचं हे टोपणनावच मुळी मांजराच्या पिल्लावरून पडलेलं. मांजराला जपावं, यावर आमच्या सासूबाईंचंही मत जुळतं, वाट वेगळी आहे. आपल्या हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून दान द्यावं लागतं, असं त्यांनी लहानपणी ऐकलंय. सोन्याचा आजचा भाव कळल्यापासून त्या कांडीच्या औषधाच्या वेळा चुकवत नाहीत.

एकाच गोष्टीवर मात्र आमच्याकडे हसणं चालत नाही, ती म्हणजे सूत. कॅलेंडरवर मांजर आणि लोकरीचा गुंडा हे चित्र आपण फार वर्षं पाहिलं आहे. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. धागा एकदा तोंडात गेला की तिला तो थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. मग त्याचं एक टोक जिभेखाली नाहीतर पोटात अडकतं, दुसरं आतड्यात पुढे जातं, आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि ताणलेला धागा ते आतून चिरत जातो. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं. आणि आम्ही राहतो सुताच्या गावात! इथे धागा हवेत असतो, पँटच्या दुमडीत असतो, बुटाच्या फटीत असतो. यजमानांनी कारखान्यातून आल्यावर दाराबाहेर कपडे झटकायचे, तिथेच बदलायचे आणि मगच आत यायचं, असा कायदा झाला आहे. लग्नाला इतकी वर्षं होऊन जे मला जमलं नाही ते हिने करून दाखवलं. आपल्या घरी माग नसेल. पण पतंगाचा मांजा, राख्या, गजऱ्याचा दोरा, शिवणाची सुई-दोरा अडकवलेली ती डबी, हे सगळं असतं. तोंडातून किंवा मागून धाग्याचं टोक दिसलं तर ओढायचं नाही, तडक डॉक्टरकडे न्यायचं. हे वाक्य फ्रिजवर लावा.

पुढची अट खाण्याची. ‘आमच्याकडे सगळं शुद्ध शाकाहारी, दूध-भात खाईल ना?’ खाईल. भूक लागली की कुणीही खातं. पण आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचेनाशी होते आणि त्याचा पुरावा ती आपल्या गालिच्यावर सादर करते. मांजर डोळे मिटून दूध पितं, अशी म्हण आहे खरी. डोळे मिटून दूध पाजणाऱ्यांवर अजून म्हण झालेली नाही. शिवाय मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं. ते न मिळाल्यास मांजर आंधळं होतं, हे 1970 च्या दशकातच कळलं होतं. हृदय निकामी होतं, हे 1987 मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. आपल्या शाकाहाराबद्दल आम्हाला आदर आहे. आपण ससा पाळा.

लादी फिनाईलने पुसणाऱ्या ताईंना विनंती, की मांजर त्याच लादीवरून चालतं आणि तेच पाय चाटतं. फिनाईल त्याला विष आहे. ताप आला म्हणून क्रोसिनची अर्धी गोळी पाजू पाहणाऱ्या दादांना विनंती, की माणसाची ही साधी गोळी मांजराचा जीव घेते. बाराव्या मजल्यावरच्या कुटुंबाने आधी खिडक्यांना जाळी लावून तिचा फोटो पाठवावा. ‘आमची सोसायटी परवानगी देत नाही’ म्हणणाऱ्यांनी सेक्रेटरींना सांगावं, की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 सालीच कळवलं आहे. सेक्रेटरी ऐकणार नाहीत. पण तेवढंच कानावर घाला.

वाढदिवसाच्या सरप्राइजसाठी शनिवारपर्यंत पिल्लू हवं असलेल्या बाबांचं पत्र आम्ही जपून ठेवलं आहे. आपली कन्या सहा वर्षांची आहे. घरातलं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. म्हणजे वर्षभरातल्या हौसेनंतर कन्येचं कॉलेज संपेपर्यंत मातीचा ट्रे आपणच साफ करणार आहात. सरप्राइज आपल्याला आहे.

परतीच्या धोरणाबद्दल. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. इतक्यात हल्ली कुरिअरही होत नाही. त्यामुळे कायद्याच्या भरवशावर न राहता आम्ही आमचं कलम घातलं आहे : नाही जमलं तर रात्री-अपरात्री केव्हाही आम्हाला परत आणून द्या, एक शब्द विचारणार नाही. मासळी बाजारापाशी ‘तिथे तिला खायला मिळेल’ म्हणून सोडू नका. तिथली मांजरं आधीच हद्दी वाटून बसली आहेत.

बाकी कागदपत्रं तयार आहेत. आठव्या आठवड्यानंतरची तिरंगी लस झाली (हो, लसही तिरंगीच, तीन रोगांची), दुसरा डोस झाला, रेबीजचं इंजेक्शन झालं. नसबंदी आपण करायची, पाचव्या महिन्याच्या आसपास, आणि तसं लिहून द्यायचं. ‘एकदा तरी आई होऊ दे बिचारीला’ हे वाक्य फोनवर ऐकलं की आम्ही फोन ठेवतो. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत वेत होतं, आणि मग आपल्या भावनेची पाच पिल्लं निवाऱ्यात येतात. त्यातलं एक माझ्या कपाटावर आपटत असतं.

बघायला यायचं तर रविवारी दुपारनंतर या. अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास जाईल. तेवढ्यात कंटाळून परत फिरणाऱ्यांची चाळणी आपोआप होते, हा आमच्या रस्त्यांचा एकमेव उपयोग आहे. आल्यावर जमिनीवर बसा, तिला बोलावू नका, मोबाइल काढू नका. ती येऊन आपल्या बुटाच्या लेसवर हल्ला करील. त्या वेळी आपण पाय मागे घेता, की हसता, की लेस सोडवून उचलून वर ठेवता, एवढंच आम्ही पाहणार आहोत. तिसऱ्या प्रकारचे पाहुणे अजून आलेले नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
कांडीची तात्पुरती मावशी
कामतघर, भिवंडी

ता. क. : गोदामातल्या उंदरांसाठी ‘एखादं चपळ पिल्लू’ मागणाऱ्या शेठजींस. किलोभराच्या पिल्लाला घूस उलट उचलून नेईल. शिवाय आपण उंदरांचं औषधही टाकता, ते खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की दोघांचाही हिशेब चुकता. मात्र निवाऱ्यात एक मोठा काळा बोका आहे. नसबंदी झालेली, लसी पूर्ण, एक कान फाटका. रंग काळा म्हणून आणि व्हिडिओ नाही म्हणून त्याला कोणी विचारलेलं नाही. तो उंदीर पकडेलच असं नाही. गोदामात नको, आपल्या केबिनमध्ये ठेवा. एसी त्याला चालतो, आणि बिलबुकावर बसायला आवडतं.