शिंदे, भोसले आणि आमचा कॉलेजचा संघ

काशीत संकठा घाटाच्या पायऱ्यांवर गंगेकडे तोंड करून बसलं, की उजव्या हाताला शिंदे घाट आणि डाव्या हाताला, थोडं पुढे, नागपूरकरांचा भोसले घाट. मध्ये संकठादेवी. बायजाबाई शिंद्यांनी 1830 च्या सुमारास बांधलेला घाट स्वतःच्याच वजनाने खचला, आणि तिथलं रत्नेश्वराचं देऊळ अजून असं कललेलं आहे, की ऑफसाइड झाली की नाही ते वाकून पाहणारा लाइनमनच जणू. ऐन काशीत मला ऑफसाइड सुचावी याला कारण कोल्हापूरचा फुटबॉल. आमच्याकडे खेळणारा माणूस आधी पेठेचा असतो, मग तालमीच्या संघाचा, आणि उरलाच तर कॉलेजचा.

त्यामुळे आमच्या कॉलेजच्या संघाचा हंगाम ही मोठी नाजूक गोष्ट होती. शाहू स्टेडियमवर पेठांचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि उन्हं तापेपर्यंत रंगतो. गॅलरीत माणूस मावत नाही. कॉलेजचा हंगाम त्याआधी, पावसाळा सरता सरता, बाद पद्धतीचा. म्हणजे एक सामना हरला की हंगाम संपला. तेवढ्यासाठी शिवाजी पेठेतली आणि मंगळवार पेठेतली पोरं, जी वर्षभर एकमेकांच्या नडग्या फोडण्याचे बेत करत, ती एका रंगाची जर्सी घालून एका ट्रॅक्समध्ये मांडीला मांडी लावून बसत. शिवाजी पेठेचा फॉरवर्ड गोलसमोर मोकळा उभा राहून ओरडे, ‘‘भावा, दे की!’’ मंगळवार पेठेतला हाफ मान वर करून त्याच्याकडे नीट बघे, क्षणभर विचार करी, आणि बॉल मागे आपल्याच पेठेतल्या बॅककडे देई. त्यात द्वेष नव्हता. पायाला सवय नव्हती, इतकंच. आमचा सर्वांत चांगला खेळाडू तर यायचाच नाही. पुढे तालमीचे सामने आहेत, पाय जपायला हवा, असा त्याचा निरोप येई.

घाटावर बसून वाटतं, आपण काही नवीन केलं नव्हतं. 1803 साली शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांविरुद्ध असेच एका बाजूने उतरले. 23 सप्टेंबरला असई, 29 नोव्हेंबरला आडगाव, डिसेंबरात गाविलगड गेला आणि वर्ष संपायच्या आत दोघांचेही तह झाले. भोसल्यांचा देवगावला, शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावला. म्हणजे हरल्यावर सहीसुद्धा वेगवेगळी. यशवंतराव होळकर त्या हंगामात बाजूलाच राहिले, आणि पुढच्या वर्षी एकटे लढले. आमच्या त्या न येणाऱ्या खेळाडूवरचा माझा राग इथे बराच निवळला.

परतीच्या ट्रॅक्समध्ये मात्र कोण कुठल्या पेठेचा ते ओळखू येत नसे. सगळे सारखेच चिखलात माखलेले, आणि वडापावचा एक पुडा हातोहात फिरे. सामन्यात जो पास दिला नाही, तो तिथे बिनबोभाट दिला जाई.

कोल्हापूरला आलात तर पेठांचा सामना जरूर बघा, तिकीट काढून बघा. पण जमलं तर एखादा कॉलेजचा सामनाही बघा. गर्दीची काळजी नको. टाळ्या वाजवायला बहुधा तुम्हीच असाल.