दहा नंबरचा पाना

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम भरत नाही. दरवर्षी अर्धा तास वाट बघायची आणि त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर तहकूब सभा घ्यायची. पण रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये बोनेट उघडलं, की पाच मिनिटांत कोरम पूर्ण. ज्यांना मेंटेनन्सचा चेक मागायला गेलं की 'साहेब अंघोळीला गेलेत' असं उत्तर मिळतं, ते साहेब अर्धी दाढी करून, गालाला फेस तसाच ठेवून खाली येतात.

माझी गाडी २००८ सालची मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. दोघांनी मनावर घेतलं तर ढकलता येते आणि तसे प्रसंग आलेले आहेत. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओने तपासणी करून तिला आणखी पाच वर्षांची मुदत दिली. बँकेने मला तेवढी दिली नव्हती. अट्ठावन्नाव्या वर्षी मी बँकेतून निवृत्त झालो, ऑइल बदलायला गॅरेजवाला चारशे रुपये मजुरी घेतो हे पहिल्यांदाच नीट वाचलं आणि ठरवलं की आता गाडीचं सगळं घरीच करायचं. बायकोने त्यासाठी कोरी दोनशेपानी वही काढून दिली. वर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : 'बचत.'

सल्लागार मंडळ आपोआप जमलं. अध्यक्ष अर्थातच पद्मिनीवाले काका. त्यांनी प्रीमियर पद्मिनी विकली त्याला पंचवीस वर्षं झाली, पण बोलताना ते अजून तीच चालवतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ती गाडी बंद पडली, की काका खाली उतरून काडेपेटीच्या गुलवाल्या बाजूने पॉइंट घासायचे आणि ती सुरू व्हायची. त्यामुळे कुठल्याही गाडीच्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचं निदान ठरलेलं.

"कार्बोरेटरमध्ये कचरा आहे."

"काका, या गाडीला कार्बोरेटर नाही. इंजेक्शन आहे."

काका क्षणभर गप्प झाले. मग सहानुभूतीने बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "मग बरोबर आहे. जिला जन्मापासून इंजेक्शनं लागतात, ती आजारीच असणार."

दुसरे बी विंगचे इंजिनिअर. तीस वर्षं बॉयलरमध्ये काढलेली. तिसरा वरच्या मजल्यावरचा मुलगा. त्याच्याकडे गाडी नाही, पण त्याने सगळ्या गाड्यांचे सगळे व्हिडिओ बघितलेले आहेत. चौथे सेक्रेटरी. ते सल्ला देत नाहीत, फक्त फरशीकडे बघत उभे राहतात.

या मंडळींचे सल्ले चुकीचे असतात असं कृपा करून समजू नका. चुकीचे असते तर मी कधीच सुटलो असतो. ते बरोबर असतात, पण अर्धे. उरलेला अर्धा सल्ला गाडी बिघडल्यावर येतो आणि त्याची सुरुवात नेहमी एकाच वाक्याने होते : "ते तर तुम्ही केलंच असेल ना?"

पहिला प्रयोग बॅटरीचा. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी साचली होती. काका म्हणाले, "खाण्याचा सोडा गरम पाण्यात घाला आणि ओता. टर्मिनल काढून ब्रशने घासा. लख्ख!" सल्ला अस्सल आहे. ती भुकटी बॅटरीतल्या ॲसिडची करणी असते आणि सोडा ॲसिडला मारतो. मी स्वयंपाकघरातून सोड्याची बरणी आणली, दहा नंबरचा पाना घेतला आणि पॉझिटिव्हचा नट सैल करायला लागलो. पान्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला टेकलं. जी ठिणगी उडाली ती लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शोभली असती. मी एकीकडे उडालो, पाना दुसरीकडे.

चार फूट मागे सरकून काका म्हणाले, "निगेटिव्ह आधी काढलं होतंत ना?"

गाडीचा अख्खा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. म्हणून निगेटिव्ह काढायचं आधी आणि बसवायचं शेवटी. मग पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. हे मला त्या दिवशी कळलं. काकांना १९७८ मध्येच कळलं होतं. लग्नात मिळालेल्या घड्याळाचा स्टीलचा पट्टा त्यांनी असाच वितळवला होता, पण हे त्यांनी मला नंतर, चहा पिताना, इकडेतिकडे बघत सांगितलं.

टर्मिनल मी शेवटी पकडीने आवळलं, वरून पेट्रोलियम जेली फासली. सोड्याअभावी त्या रविवारची भजी घट्ट झाली. टाचांना लावायची जेली संपल्याची नोंद वहीत झाली. आणि त्या दिवसापासून दहा नंबरचा पाना दिसेना. मारुतीत हात घाला, निम्म्या ठिकाणी दहा नंबरच लागतो. अकरा आहे, बारा आहे, कधीच न लागणारा सतरा आहे, दहा नाही. काकांवर माझा संशय होता. पुढच्या रविवारी जुन्या बाजारात जाऊन दुसरा आणला.

मे महिन्यात पाचगणीला लग्न होतं. मी, बायको, सासूबाई आणि आहेराची पैठणी असे निघालो. खंबाटकी घाट अर्धा चढलो आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. बी विंगच्या इंजिनिअरना फोन लावला.

"घाबरू नका. एसी बंद करा आणि हीटर फुल सोडा."

"हीटर? मे महिन्यात?"

"हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं. पंखा लावला की तेवढी उष्णता गाडीच्या आत येते आणि इंजिन गार होतं. साधं थर्मल आहे."

शास्त्र शंभर टक्के खरं निघालं. काटा खाली आला. इंजिन निवलं आणि आम्ही शिजलो. बायकोने पैठणीच्या खोक्याने वारा घेतला. मागच्या सीटवरून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, थंडीत काय लावता? एसी?"

घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली आणि पाणी बघावं म्हणून फडक्याने रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. शेजारी थांबलेला ट्रक ड्रायव्हर ओरडला, "ओ साहेब, हात काढा!" मी हात काढला, पण झाकण तोवर थोडं फिरलं होतं. फुस्स करून वाफ उसळली आणि फडकं बाभळीवर जाऊन बसलं. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण उघडायचं नाही, हे आमच्या घरात मलासुद्धा ठाऊक आहे. रेडिएटर तसाच दाबाखाली असतो, म्हणूनच त्यातलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं, दाब गेला, की सगळं एकदम उकळतं. अर्धा-पाऊण तास थांबायचं असतं. होजची क्लिप सैल होऊन कूलंट गळत होतं, हे थांबल्यावर निवांत दिसलं.

संध्याकाळी इंजिनिअरचा फोन आला. "झाकण गरम असताना उघडलं नाहीत ना?" आल्यावर त्यांनी बाही वर करून मनगटापासून कोपरापर्यंतचा एक जुना, गुळगुळीत डाग दाखवला. बॉयलरचा नव्हता. स्कूटर विकून घेतलेल्या पहिल्या गाडीचा होता.

मग आला ऑइलचा रविवार, ज्यासाठी हा संसार मांडला होता. मुलाने व्हिडिओ लावून मोबाइल बंपरवर टेकवला. इंजिन पाच मिनिटं चालवून ऑइल पातळ केलं, खाली घमेलं ठेवलं, नट काढला. काळंभोर ऑइल घमेल्यात उतरताना जे समाधान झालं ते बँकेचा बॅलन्स जुळल्यावरही कधी झालं नव्हतं. जुना फिल्टर फिरवून काढला, नव्याच्या रबराला बोटाने ऑइल लावलं, हाताने घट्ट बसवला. नवं ऑइल भरलं. डिपस्टिक दोन खुणांच्या बरोबर मध्ये. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनीही फरशीवरची नजर उचलली. तेवढ्यात मी इंजिन सुरू केलं.

गाडीखालून पिचकारी उडाली. मी चावी फिरवेपर्यंत बरंचसं ऑइल फरशीवर, थोडं सेक्रेटरींच्या लेंग्यावर.

"जुन्या फिल्टरबरोबर त्याचं रबर आलं होतं ना?" दोघांनी एका सुरात विचारलं. आलं नव्हतं. कधीकधी जुनं रबर इंजिनाला चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर बसवला की रबरावर रबर येतं आणि ते दाब धरत नाही. मुलगा व्हिडिओ मागेपुढे करून म्हणाला, "काका, हे यात नाहीये." कसं असेल? चुका कापूनच व्हिडिओ करतात.

मग फरशी बचाव मोहीम. लाकडाचा भुसा कुठून आणणार? काका म्हणाले, "रांगोळी टाका, ऑइल शोषून घेते." घरात पांढरी संपली होती, दिवाळीतली गुलाबी उरली होती. ती सगळी ओतली. हात स्वच्छ करायला आणलेलं अर्धं लिंबू तिथेच राहिलं. सोमवारी सकाळी कामाला येणाऱ्या मावशींनी ते काळं वर्तुळ, वर गुलाबी भुकटी आणि शेजारी कापलेलं लिंबू पाहिलं, हात जोडले आणि लांबून वळसा घालून गेल्या. दुपारपर्यंत अख्ख्या सोसायटीत झालं की माझ्या गाडीवर कुणीतरी उतारा टाकलाय. संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली : 'सभासदांनी पार्किंगमध्ये वाहनांवर शस्त्रक्रिया करू नयेत.'

वहीतली नोंद : मजुरी वाचली, ४०० रुपये. त्याखाली खर्चाच्या बाजूला नवं ऑइल पुन्हा, फिल्टर पुन्हा, घमेलं, रांगोळी, शर्ट, सेक्रेटरींचा लेंगा.

उंदरांचं प्रकरण थोडक्यात सांगतो. उंदीर बोनेटमधल्या वायरी कुरतडतात यावर एकमत झालं. उपायांवर झालं नाही. एकाने तंबाखूची पानं सुचवली, दुसऱ्याने डांबराच्या गोळ्या. मी दोन्ही ठेवलं. उंदीर येतच राहिले आणि गाडीला पानाचं दुकान आणि आजीची ट्रंक यांचा मिश्र वास आला. वायर दुसऱ्यांदा कुरतडली तेव्हा एक जण म्हणाले, "खालून बारीक जाळी बसवली होती ना?"

राहिली ती टक्-टक्. गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की पुढून आवाज यायचा, 'टक्-टक्'. सपाट रस्त्यावर काही नाही, पण पुण्यात सपाट रस्ता आणायचा कुठून? काकांनी बॉल जॉइंट सांगितला, इंजिनिअरनी शॉक ॲब्सॉर्बरवरचं माउंटिंग, मुलाने स्टॅबिलायझरचे बुश. मी नाना पेठेत गेलो. दुकानदाराने काउंटरवरून न बघताच विचारलं, "नमुना आणलाय?" नमुना गाडीलाच लागलेला होता. परत आलो, काढला, नेला, नवा आणला, बसवला. टक्-टक्. दुसरा भाग बदलला. टक्-टक्. आवाज कुठून येतो हे ऐकायला इंजिनिअर गाडीशेजारून वाकून पळाले, त्यांची कंबर धरली. आवाज तसाच.

शेवटी शरण गेलो. आमच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये एक उस्ताद बसतात. त्यांनी काही विचारलं नाही. गाडी दोनदा स्पीडब्रेकरवरून नेली, थांबवली, बोनेट उघडलं, बॅटरीच्या ट्रेखाली हात घातला आणि पाना बाहेर काढला. दहा नंबरचा. एक टोक ठिणगीने काळं पडलेलं. तो पाचगणीचं लग्न जेवून आला होता, ऑइलच्या पिचकारीला हजर होता, उंदरांबरोबर राहिला होता. मी मात्र वर्षभर काकांकडे वाकड्या नजरेने बघत होतो.

उस्तादांनी पैसे घेतले नाहीत. पाना पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "साहेब, बोनेट लावायच्या आधी पाने मोजायचे."

"तुम्ही कधीपासून मोजता?"

ते हसले. "एकदा पंख्यात गेला तेव्हापासून."

वर्षभरात हा एकच सल्ला मला पूर्ण मिळाला, कारण पहिल्यांदाच मी पुढचा प्रश्न विचारला होता. बिघडवल्याशिवाय कुणालाच शहाणपण आलेलं नसतं. काकांच्या घड्याळाचा पट्टा, इंजिनिअरच्या हातावरचा डाग, उस्तादांचा पंख्यात गेलेला पाना, प्रत्येकाच्या सल्ल्याचा उरलेला अर्धा भाग तिथे दडलेला असतो आणि माणूस नेमका तेवढाच गिळून टाकतो.

तेव्हा गाडीवाल्यांनो, सल्ले जरूर घ्या. ऑइलही स्वतः बदला, सोपं आहे. फक्त सल्ला देणाऱ्याला आधी एवढंच विचारा : "हे करताना तुमचं काय बिघडलं होतं?" तो लगेच "काही नाही" म्हणाला, तर त्याच्यासमोर बोनेट उघडू नका. तो जरा गप्प झाला, इकडेतिकडे बघू लागला, तर त्याला चहा पाजा.