पॉप गायनाची अधिकृत कार्यपद्धती

उद्देश : पॉप गायकाने असे गावे, की ऐकणारा म्हणाला पाहिजे, 'शिकलेला दिसत नाही, पण गातो छान.' असा समज करून देण्यासाठी बरीच वर्षे शिकावे लागते. शास्त्रीय गायकाची मेहनत दिसली तर टाळ्या पडतात. पॉप गायकाची दिसली तर गाणे पडते. सबब पुढील कलमे गोपनीय समजावीत.

कलम १ : रियाज

पहाटे उठून खर्ज भरावा. मंद्र सप्तकातला सा लावून तो हलू न देता जमेल तितका वेळ धरावा. पॉप गाण्यात हा सा बहुधा कधीच लागणार नाही. तरीही भरावा, कारण श्वास काटकसरीने सोडण्याची सवय इथेच लागते, आणि पुढे मानधन त्या सवयीचेच मिळते. शेजाऱ्यांनी चौकशी केल्यास पाण्याचा पंप बिघडला आहे असे सांगावे.

त्यानंतर नळीचा व्यायाम. शीतपेयाची बारीक नळी ओठांत धरून तिच्यातून 'ऊ' म्हणत स्वर खालून वर, वरून खाली न्यावा. अरुंद नळीमुळे हवेचा थोडा दाब मागे परततो आणि स्वरतंतू एकमेकांवर आपटण्याऐवजी अलगद टेकतात. ४४० हर्ट्‌झचा स्वर लावला तर हे तंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांना भेटतात. इतक्या भेटींत एकदाही भांडण होऊ नये, यासाठी नळी.

कलम २ : घसा व नातेवाईक

रेकॉर्डिंगची तारीख ठरताच ती कुणालाही सांगू नये. सांगितल्यास ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग, हळद-दूध आणि मावशीचा काढा या क्रमाने घरी येतात. हे सर्व प्रेमाने गिळावे, मात्र त्यातले काहीही स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही हे लक्षात ठेवावे. गिळलेला पदार्थ अन्ननलिकेतून जातो, स्वरतंतू श्वासाच्या वाटेवर असतात. चुकून त्या वाटेला काही गेलेच, तर त्याला ठसका म्हणतात. पाण्याचेही तेच. त्याचा ओलावा शरीरभर फिरून सावकाश येतो. म्हणून माइकसमोर उभे राहून बाटली तोंडाला लावण्यात शोभेपलीकडे फारसे काही नाही. आदल्या दिवसापासून पाणी प्यावे. थेट पोहोचते ती वाफ.

उपकलम : घसा वारंवार खाकरू नये. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलू नये, त्याने अनेकांचा घसा उलट आवळतो. सरळ मौन पाळावे. ब्रिटिश गायिका अडेल हिच्या स्वरतंतूंवर २०११ मध्ये बॉस्टनला शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तिला काही आठवडे गप्प राहावे लागले. आत्याचा फोन आला असता मौन पाळणे त्याहून अवघड असते, तरी पाळावे.

कलम ३ : पट्टी

समोरचा काळी चारमध्ये गातो म्हणून आपण काळी पाच मागू नये. सर्वांत वरचा शब्द किंचाळल्याशिवाय गाता येईल आणि सर्वांत खालचा शब्द ऐकूही येईल, ती आपली पट्टी. हे घरीच ठरवून जावे. संगणकावरचा ट्रॅक एका बटणाने वर-खाली करता येतो हे खरे, पण गिटार वाजवणारा तोपर्यंत घरी गेलेला असतो.

कलम ४ : माइक

चांगल्या स्टुडिओत कंडेन्सर माइक असतो. नॉयमन कंपनीचा यू ८७ हा १९६७ पासून या जातीचा मानकरी. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्याला शिष्टाचार अजिबात नसतात. बांगड्या, मनगटी घड्याळ, नायलॉनचे जाकीट आणि पोट यांचे आवाज तो गाण्याइतक्याच आस्थेने टिपतो. उपाशी पोट गुरगुरते, भरलेले ढेकर देते. दोन पोळ्यांवर थांबावे. गरज पडल्यास एसीही बंद होतो. कलेसाठी घाम गाळणे म्हणतात ते हेच.

माइकपासून साधारण एक वीत अंतर ठेवावे. जवळ सरकले की आवाजातले खालचे स्वर फुगतात. कित्येक तरुणांना पौरुष असे चार बोटांच्या अंतरावर गवसले आहे. मध्ये जाळी लावतात ती प, फ, ब, भ या अक्षरांबरोबर सुटणारा हवेचा झोत अडवण्यासाठी. प्रेम, पाऊस, फूल, भेट : आपल्या गाण्यांचा बराचसा कारभार याच अक्षरांवर चालत असल्याने मराठी गायकास जाळी अनिवार्य आहे.

कलम ५ : टेक

पूर्वी सिनेमाच्या गाण्यात गायक आणि वादक एकाच वेळी रेकॉर्ड होत. शेवटच्या ओळीत एखादे व्हायोलिन घसरले, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आता ओळ-ओळ, प्रसंगी शब्द-शब्द गाता येतो आणि वेगवेगळ्या टेकमधले उत्तम तुकडे जोडून एक अखंड गायक तयार केला जातो. या कामी रेकॉर्डिस्टची भाषा समजणे आवश्यक आहे. 'मस्त! अजून एक घेऊ' म्हणजे जमले नाही. 'फील छान होता' म्हणजे सूर गेला. 'ते मी एडिटला बघतो' म्हणजे त्यानेही आशा सोडली.

मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर' अल्बममधील 'बिली जीन' या गाण्याचे मिक्सिंग ९१ वेळा केले गेले आणि शेवटी वापरले गेले ते दुसरे मिक्स. या दाखल्याच्या आधारे दुसऱ्या टेकनंतर घरी जाण्याची परवानगी मागू नये. पुढचे ८९ ऐकल्याशिवाय दुसरे बरे होते हे कुणालाच कळत नाही.

कलम ६ : सूर

सुराची काळजी करू नये. अँडी हिल्डेब्रँड हा गृहस्थ भूकंपलहरींच्या नोंदींवरून जमिनीखालचे तेल शोधण्याचे गणित करत असे. त्याच गणिताच्या वळणाने त्याने १९९७ मध्ये 'ऑटो-ट्यून' बाजारात आणले. तेव्हापासून सूर जमिनीत गेला तरी वर काढता येतो. १९९८ मध्ये गायिका शेरच्या 'बिलीव्ह' या गाण्यात दुरुस्तीचा वेग इतका वाढवला, की आवाज यंत्रासारखा पायऱ्या-पायऱ्यांनी चढू लागला. निर्मात्यांनी ही युक्ती लपवण्यासाठी मुलाखतीत भलत्याच यंत्राचे नाव सांगितले. त्या काळी सूर दुरुस्त करून घेण्याची लाज वाटत असे.

कलम ७ : श्वास

सूर यंत्र बघेल, ताल कानातली क्लिक बघेल. उरतो श्वास. तो माइकला कळू न देता कसा घ्यावा, हे आपल्याला संगीतकार अनिल बिस्वास यांनी शिकवले, असे लता मंगेशकर सांगत. १९९८ मध्येच श्रीनिवास खळ्यांचे शिष्य शंकर महादेवन यांचे 'ब्रेथलेस' आले. ते ऐकून गावोगावच्या गणेशोत्सवांत मुले निळी पडेपर्यंत गाऊ लागली. ते गाणे सबंध एका दमात गायलेले नाही, असे खुद्द महादेवन यांनी नंतर सांगितले. उलट बिली आयलिशने भावाच्या झोपण्याच्या खोलीत रेकॉर्ड केलेल्या अल्बमात उसासेही जपून ठेवले आणि २०२० मध्ये ग्रॅमी नेले. म्हणजे श्वास लपवावा, कापावा की मिरवावा, यावर पिढ्यांचे एकमत नाही. तो कुठे घ्यावा, हे मात्र कोणतेही सॉफ्टवेअर सांगत नाही.

उदाहरणार्थ, कवीने लिहिले : 'विसर नको आठव'. 'विसर नको' म्हणून श्वास घेतला, तर प्रेमिक पुन्हा भेटण्याची आशा आहे. 'विसर' म्हणून घेतला, तर प्रकरण मिटले. आणि 'आठ' म्हणून घेतला, तर पाढा सुरू झाला.

तरी उमेदवाराने स्टुडिओत जाण्यापूर्वी गाण्याचा कागद घेऊन प्रत्येक श्वासाच्या जागी पेन्सिलीने खूण करावी. सूर, ताल, पट्टी, मिक्सिंग आणि मुखपृष्ठावरचा आपला फोटो यांबाबत इतरांचे सर्व बदल मुकाट्याने मान्य करावेत. पेन्सिलीच्या खुणेवर कुणी हात ठेवल्यास भांडावे. दम त्यासाठीच राखून ठेवला आहे.