फोनचा सातबारा कुणाच्या नावावर?

मा. मोबाइल कंपनीचे मुख्य साहेब यांस,
पेठ, जि. नाशिक येथून स. न. वि. वि.

आपण बनवलेल्या फोनचा मी कब्जेदार. मालक म्हणवून घेण्याचे धाडस होत नाही, कारण त्यातले पत्त्यांचे ॲप मला काढता येत नाही. 'अनइन्स्टॉल'चे बटणच नाही. जागा संपली की आपण मुलीच्या बारशाचे फोटो उडवायला सुचवता; रमी मात्र राहिली पाहिजे, ही आपली कळकळ पोचली.

म्हणून भीत भीत फोन रूट करायला, म्हणजे त्याचा पूर्ण ताबा मिळवायला घेतला. सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवले की फोन सांगतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात. इतक्या झटपट तालुक्याला साधा उत्पन्नाचा दाखला मिळत नाही. मग फोन सुरू करणाऱ्या बूटलोडरचे कुलूप उघडायला आपल्याकडे अर्ज केला. उत्तर आले, 168 तास थांबा. साहेब, इथे 2006च्या वनहक्क कायद्याखाली दावा टाकून ग्रामसभा, उपविभाग, जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांच्या दारात वर्षे घालवलेली माणसे आहेत. आदिवासी शेतकरी त्यासाठी मार्च 2018मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले. 168 तास ऐकून ते आपला सत्कारच करतील. जमीन आपण कसायची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, हे पेठला कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता मुदत संपली आहे. फोन फास्टबूटमध्ये, केबल लॅपटॉपला, आणि बोट एंटरवर अडकलेले. एंटर दाबले की बूटलोडर उघडणार, पण आतले सगळे पुसले जाणार. पुढे जॉन वू यांनी 2016मध्ये आणलेल्या मॅजिस्क या रूट करण्याच्या साधनाने बूट इमेज पॅच करायची; ती दुसऱ्या मॉडेलची निघाली तर फोन लोगोवरच बसून राहणार. त्यात बाहेर आमचा पाऊस, लाइटचा भरवसा नाही आणि लॅपटॉपची बॅटरी नावापुरती.

2008च्या पहिल्या अँड्रॉइड फोनवाल्यांचे बरे होते. त्यातल्या एका चुकीमुळे कीबोर्डवर लिहिलेले थेट रूटच्या अधिकाराने चालायचे. गप्पांत कुणी 'रीबूट' लिहून एंटर दाबले की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. गूगलने ती चूक तातडीने बुजवली. ग्राहकाच्या पथ्यावर पडणाऱ्या चुका नेहमीच लवकर सापडतात.

उघडा बूटलोडर चोराच्या हाती पडला तर धोका असतो, हे आपले म्हणणे मान्य. पण धोका माझा असेल तर सहीही माझीच चालावी.

एक व्यवहाराचे. रूट केलेल्या फोनवर बँकांची आणि यूपीआयची बरीच ॲप्स चालायला नकार देतात. तेव्हा या फोनचे उरलेले हप्ते रोख द्यावे लागतील. फायनान्सच्या माणसाला पेठला पाठवा. सावळघाटात धुके असते, सावकाश ये म्हणावे. निघताना फोन करायची तसदी घेऊ नये. आज रात्री काय होते त्यावर तो लागणे अवलंबून आहे.

आपला,
एक कब्जेदार