बॉयलरवाले दाये

बीजिंगच्या थ्येनथान बागेत ३,५००हून जास्त जुने सायप्रस आहेत. त्यांतला एक दायेंच्या मालकीचा आहे. कागदोपत्री नाही, पण सकाळी सहाला फाटक उघडल्यावर त्या बुंध्यापाशी दुसरं कुणी हात पसरून उभं दिसलं, की दाये घसा खाकरतात. तेवढं पुरतं.

दाये ही तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची हाक, आपल्या 'काका'सारखी. हे काका चीगाँग करतात, म्हणजे 'ची', अर्थात प्राणशक्ती, अंगात खेळवायचा व्यायाम. 'ची' हा आपल्याकडे षष्ठीचा प्रत्यय. दायेंना तो सकाळ-संध्याकाळ येतो. तशी चिनी भाषाच या 'ची'वर चालते. हवामानात ची आहे. रागावणं म्हणजे ची उत्पन्न करणं. आणि हिवाळ्यात घरोघरी पाइपांतून जी ऊब येते तिचं नाव 'न्वान-ची', गरम ची. दायेंची सगळी नोकरी या गरम चीच्या खात्यात, वस्तीच्या बॉयलरवर झाली. त्यामुळे विश्वाचं गूढ त्यांना निवृत्तीआधीच कळलेलं होतं.

तीन वर्षांच्या नोकरीसाठी मी तिथे गेलो होतो आणि पाठ धरली होती. दायेंनी मला लांबूनच ओळखलं.

"बेंबीखाली तीन बोटं, दानत्येन. ही भट्टी. पाठीच्या कण्यातून वर जाते ती मेन लाइन. छातीवरून खाली येते ती रिटर्न. जीभ टाळूला लाव."

"का?"

"मध्ये जोड सुटलाय. गळतं."

मला हसू आलं. मग ते मला पायय्वुन-ग्वान या ताओ मंदिराकडे घेऊन गेले. तिथल्या १८८६ सालच्या शिळेवरचं चित्र त्यांनी मला समजावून सांगितलं. माणसाचं धड डोंगरासारखं काढलेलं, पोटात बैल नांगर ओढतोय आणि कण्याच्या तळाशी एक मुलगा नि एक मुलगी पायरहाट चालवून पाणी वर चढवताहेत. ताओपंथी साधकांची परिभाषाही शतकानुशतकं भट्टीची नि कढईची. म्हणजे बॉयलरवाल्याचं काही चुकलं नव्हतं. दाये चित्राकडे बघत होते ते मात्र हाताखालच्या पोराने काढलेलं ड्रॉइंग तपासावं तसे. "पंप जागेवर आहे," ते म्हणाले. "प्रेशर गेज विसरलाय."

ची ते सिलिंडरसारखा पुरवून वापरतात. थंड पाणी प्यायचं नाही, भट्टी विझते. मानेवर वारा घ्यायचा नाही, तिथून शिरतो. आणि बोलण्यात ची सर्वांत जास्त खर्च होतो, म्हणून मोजकं बोलावं. हे त्यांनी मला पाऊण तास समजावलं.

जुन्या गोष्टी काढल्या की मात्र खरंच मोजकं बोलतात. ऐंशीच्या दशकात चीगाँगचा ज्वर चढला होता. मोठमोठ्या सभागृहांत मास्तर मंचावरून ची 'सोडत' आणि खाली लोक रडत, हसत, लोळत. पुढे काहीजण विश्वातली शक्ती गोळा करायला डोक्यावर भांडी घालून बसू लागले. "तुम्हीही?" मी विचारलं. "शेजारी बसायचा," दाये म्हणाले. त्यांच्या स्वयंपाकघरात अ‍ॅल्युमिनियमचं एक पातेलं मी पाहिलंय. शेजाऱ्याचं डोकं आणि दायेंचं डोकं एकाच मापाचं असावं.

१९९९मध्ये चीगाँगमधूनच निघालेल्या फालुन गाँग या पंथावर बंदी आली, बागांतले घोळके पांगले. २००३मध्ये क्रीडा खात्याने चीगाँगचे चार संच प्रमाणित केले. त्यातला पातुआनचिन, म्हणजे आठ हालचालींचा, दाये आता करतात. शेवटच्या हालचालीत चवड्यांवर उभं राहून सात वेळा टाचा आपटायच्या. त्याने सगळे आजार झडतात म्हणे. दायेंचा मधुमेह झडलेला नाही. खिशातल्या गोळीबद्दल विचारलं तर म्हणाले, "मुलीच्या समाधानासाठी."

माझ्या पाठीचं म्हणाल, तर तीन महिने झाड कवटाळल्यासारखा उभा राहिल्यावर ती बरीच मऊ झाली. आता हा चीचा गुण, की रोज तासभर खुर्चीपासून लांब राहिल्याचा, हे मी दायेंना विचारलं नाही. त्यांचा ची खर्च झाला असता.

१५ नोव्हेंबरला शहराची न्वान-ची सुरू झाली. माझा रेडिएटर गार. दायेंना फोन केला, तर झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून आले. खालून वर चाचपत गेले, डोळे मिटले, श्वास घेतला आणि खिशातून छोटा पाना काढून कडेचा व्हॉल्व्ह पाव वळसा फिरवला. फुस्सकन हवा बाहेर पडली, मागून गढूळ पाण्याच्या दोन चुळा. लोखंड तापू लागलं.

"काय केलंत?"

"फांग-ची. अडकलेला ची सोडला."

मग पाना हातात तसाच धरून ते माझ्या पाठीकडे बघू लागले.