कॅप ‘नंतर बघू’? आताच बघा!

दाढेचा ठणका थांबला की माणूस दवाखान्याकडे फिरकत नाही. रूट कॅनाल झालं, तात्पुरतं सिमेंट भरलं, कॅपसाठी तारीखही मिळाली. पण घरी ठरतं, दुखत नाही ना, मग दिवाळीनंतर बघू. या ‘बघू’पायी वाचवलेल्या दाढा पुढे उपटाव्या लागतात.

रूट कॅनालनंतर दाढ ठिसूळ होते म्हणतात. नस काढल्यानं ती फारशी कमजोर होत नाही. कमजोर होते ती किडीनं भिंती खाल्ल्यामुळे. १९८९मध्ये रीह, मेसर आणि डग्लस यांनी दातांचा ताठपणा मोजला. रूट कॅनालच्या कामानं तो जेमतेम ५ टक्के घटला. दातावर आरपार, दोन्ही कडा उघड्या पाडणारा खड्डा कोरल्यावर ६३ टक्के! अशा दाढेनं भाकरी, सुपारी, चिक्की चावायची म्हणजे उरलेल्या भिंती फाकणारच. तडा मुळात उतरला की दाढ काढण्यावाचून गत्यंतर नसतं. शिवाय तात्पुरतं सिमेंट झिजलं की लाळेतले जंतू आत उतरतात. नस नसल्यामुळे वेळेवर कळ येत नाही. हिरडी सुजते तेव्हा उशीर झालेला असतो.

अमेरिकेतल्या ४६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०२२मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला. रूट कॅनालनंतर पक्कं फिलिंग आणि कॅप दोन्ही झालेले दात सुमारे २० वर्षं टिकले. दोन्हींपैकी एकच झालेले सुमारे ११ वर्षं. काहीच न केलेले साडेसहा वर्षं. इतर गोष्टींनीही फरक पडतो: शेजारचे दात शाबूत असतील तर दात जास्त टिकतो, ब्रिजचा भार वाहणारा लवकर जातो. पण त्यातलं आपल्या हातात फारसं नसतं. कॅप वेळेवर बसवणं हातात असतं.

मग ती का बसत नाही? अनेक ठिकाणी रूट कॅनालचा दर आधी सांगतात आणि कॅपचा आकडा शेवटच्या बैठकीत. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्यांत दातांचा नेहमीचा खर्च बसत नाही. पगारदार माणूस तिथेच माघार घेतो. म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी फिलिंग आणि कॅपसकट एकच आकडा कागदावर लिहून द्यावा. समोरच्या दाताला पुष्कळदा कॅप लागतच नाही, हेही सांगावं. सिरॅमिक परवडत नसेल तर आतल्या दाढेला धातूची कॅप उत्तम चालते, हे रुग्णानं विचारण्याआधी सांगावं. आणि कॅपला पकड मिळेल इतकी दाढच उरली नसेल, तर रूट कॅनालचे पैसे घेण्याआधी तसं स्पष्ट सांगावं. रुग्णानंही पहिल्या भेटीत हे सगळं विचारावं आणि कॅपची तारीख चुकवू नये.